ख्रिस्ती धर्मप्रांतांची पुनर्रचना

ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या प्रादेशिक विभागांच्या सीमा, त्यांची संख्या किंवा त्यांची केंद्रस्थाने यांत अधिकृतपणे केला जाणारा बदल. बिशपच्या अधिकाराखालील प्रदेशास धर्मप्रांत व त्यातील एका धर्मगुरूकडे सोपविलेल्या लहान घटकास धर्मग्राम म्हणतात. अनेक धर्मप्रांत मिळून आर्चबिशपच्या प्रमुखत्वाखालील प्रांत होतो. धर्मप्रांताच्या मूळ ग्रीक संज्ञेचा अर्थ ‘घराचा कारभार’ असा आहे. रोमन सम्राट डायोक्लीशन याने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस साम्राज्याचे जे मोठे मुलकी विभाग पाडले, त्यांना ही संज्ञा लावण्यात आली होती व तेथून ती धर्मसंस्थेत आली. धर्मप्रांताच्या कल्पनेत मुलकी व्यवस्थेचा अंश अशा प्रकारे मुळापासूनच आहे. लोकवस्ती हलते, शहरे वाढतात, भाषा व राज्ये बदलतात. सीमा मात्र दीर्घकाळ तशाच राहतात. या विसंगतीतून पुनर्रचनेचा प्रश्न उद्भवतो.

तत्त्वे : प्राचीन धर्मपरिषदांनी या बाबतीत दोन नियम घालून दिले. नायसीया येथील परिषदेने (३२५) एका नगरात दोन बिशप असू नयेत असे ठरविले. कॅल्सीडन येथील परिषदेच्या (४५१) सतराव्या नियमानुसार सम्राटाने नवे नगर वसविल्यास धर्मसंस्थेची विभागणी मुलकी विभागणीस अनुसरून करावयाची होती. त्याच नियमात एक व्यावहारिक तरतूदही आहे : ग्रामीण धर्मग्रामे तीस वर्षे एखाद्या बिशपच्या निर्विवाद ताब्यात असतील, तर ती त्याच्याकडेच राहावीत. नव्या गरजेला वाट करून देणे आणि जुन्या वहिवाटीला संरक्षण देणे, या दोन्ही प्रवृत्ती एकाच नियमात एकत्र आल्या असून पुढील दीड हजार वर्षांतील बहुतेक वाद यांच्यामधील ओढाताणीचे आहेत.

एकाच नगरात भिन्न भाषांचे व भिन्न उपासनाविधींचे लोक राहत असल्यास काय करावे, हा प्रश्न चौथ्या लॅटरन परिषदेपुढे (१२१५) आला. अशा लोकांसाठी त्यांची भाषा व विधी जाणणारे धर्मगुरू बिशपने नेमावेत, असे परिषदेने सांगितले. परंतु त्यासाठी त्याच नगरात दुसरा बिशप नेमण्यास तिने मनाई केली व तशा व्यवस्थेला एका धडावर दोन शिरे असलेल्या राक्षसाची उपमा दिली. पश्चिम भारतातील इतिहास पाहिला असता हा निषेध वारंवार बाजूला ठेवला गेल्याचे दिसते.

आधुनिक काळातील रोमन कॅथलिक धोरण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बिशपांच्या कार्याविषयी काढलेल्या आदेशात (१९६५) आढळते. धर्मप्रांताच्या सीमा गरजेप्रमाणे बदलाव्यात, धर्मप्रांत विभागावेत अथवा जोडावेत, असे सांगून या आदेशाने काही कसोट्या दिल्या आहेत. प्रदेश सलग असावा. तेथील लोकसमूहांची रचना, मुलकी सीमा व दळणवळण यांचा विचार व्हावा. बिशपला आपले धर्मगुरू व लोक यांची ओळख ठेवता येईल इतकाच विस्तार असावा. त्याचबरोबर धर्मगुरूंची संख्या व आर्थिक साधने पुरेशी असावीत. यांतील शेवटच्या दोन कसोट्या अनेकदा परस्परविरोधी ठरतात. लोकांच्या निकट असलेला लहान धर्मप्रांत बहुधा निर्धन असतो आणि साधनसंपन्न धर्मप्रांत बहुधा इतका मोठा असतो, की खेड्यातील माणसाला बिशपचे दर्शन क्वचितच घडते. १९८३ च्या धर्मसंहितेत धर्मप्रांताची व्याख्या प्रदेशावरून न करता लोकसमुदायावरून केलेली आहे. प्रादेशिक सीमा हा सर्वसाधारण नियम मानून, आवश्यक तेथे विधिभेदानुसार एकाच प्रदेशात स्वतंत्र धर्मप्रांत स्थापण्याची मुभाही तीत आहे. कॅथलिक पंथात धर्मप्रांत स्थापण्याचा, विभागण्याचा वा बंद करण्याचा अंतिम अधिकार पोपचा असतो. प्रॉटेस्टंट पंथांत तो सामान्यतः निर्वाचित महासभेकडे असतो.

यूरोप : यूरोपमधील पुनर्रचनेची कारणे प्रामुख्याने राजकीय क्रांती, औद्योगिकीकरण आणि अलीकडे उपासकांची घटती संख्या ही होत. नेपोलियन व पोप सातवा पायस यांच्यातील १८०१ च्या कराराने फ्रान्समधील जुने धर्मप्रांत एकाच वेळी रद्द होऊन त्यांच्या जागी ६० नवे स्थापन झाले. आयर्लंडमध्ये ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये अँग्लिकन पंथाच्या बिशपांची व आर्चबिशपांची पदे २२ वरून १२ वर आणली. बहुसंख्य जनता कॅथलिक असलेल्या देशात हा बदल व्यवहाराला धरून होता. तथापि संसदेला तो करण्याचा अधिकार आहे काय, या प्रश्नावरून उठलेल्या वादळातून ऑक्सफर्ड चळवळीला चालना मिळाली. कापडगिरण्यांमुळे फुगलेल्या मँचेस्टरला १८४७ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला, तर जर्मनीतील रूर खोऱ्याच्या खाणकामगारांसाठी १९५८ मध्ये एसेन हा धर्मप्रांत तीन जुन्या धर्मप्रांतांचे भाग तोडून निर्माण करण्यात आला. खाणी बंद पडू लागल्यावर त्याच एसेनमध्ये एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडीचशेहून अधिक धर्मग्रामांचे एकत्रीकरण करून त्यांची संख्या चाळीसच्या आसपास आणावी लागली. इंग्लंडमध्ये २०१४ साली ब्रॅडफर्ड, वेकफील्ड आणि रिपन व लीड्स हे तीन धर्मप्रांत विलीन होऊन एकच धर्मप्रांत झाला. भारतातील प्रवाह याच्या नेमका उलट, विभाजनाकडे वाहणारा आहे.

गोवा व पाद्रुआदो : पश्चिम भारतातील लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांचा उगम गोव्यात आहे. मदीरा बेटावरील फुंशाल या धर्मप्रांतातून (स्थापना १५१४) गोव्याचा धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. पोप तिसरा पॉल याने १५३४ मध्ये त्याची सनद काढली. केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतचा सर्व प्रदेश त्याच्या अधिकारात होता. एका बिशपने इतक्या प्रदेशाची देखभाल करावी, ही अपेक्षा अर्थातच कागदोपत्री होती. पोर्तुगीज गलबते जेथवर जात तेथवर धर्मप्रांत, असाच तिचा खरा अर्थ होता. गोव्यास १५५८ मध्ये महाधर्मप्रांताचा दर्जा मिळून कोचीन व मलाक्का हे धर्मप्रांत वेगळे झाले. मकाव (१५७६), जपानमधील फुनाई (१५८८) व मैलापूर (१६०६) हे त्यांच्या मागोमाग आले.

हे सर्व धर्मप्रांत ‘पाद्रुआदो’ या व्यवस्थेखाली होते. पूर्वेकडील धर्मकार्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाने सोसावयाचा व त्याबदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क त्याला असावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पोर्तुगालची सत्ता किनाऱ्यापुरती आकसली, तरी हा हक्क सबंध मुलखावर सांगितला जाई. त्यातून मार्ग काढण्यासाठी रोमने १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फीदे’ हे धर्मप्रसारमंडळ स्थापन केले आणि पोर्तुगीज अमलाबाहेरील प्रदेशांत पोपचे थेट प्रतिनिधी म्हणून काम करणारे बिशप नेमण्यास प्रारंभ केला. त्यांतील एक आद्य नियुक्ती महत्त्वाची आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळात जन्मलेले मातेउश द काश्त्रू यांना १६३७ मध्ये बिशपपदाची दीक्षा देण्यात येऊन विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. सीमेच्या या वादात एतद्देशीय धर्मगुरूंच्या दर्जाचा प्रश्न गुंतलेला होता, ही गोष्ट तेव्हापासूनच स्पष्ट झाली.

मुंबईतील दुहेरी अधिकार : मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर (१६६५) तेथील कॅथलिक प्रजा काही काळ गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारात राहिली. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या राजनिष्ठेविषयी शंका आल्याने कंपनी सरकारने १७२० मध्ये त्यांना काढून कार्मेलाइट संघाच्या बिशपला पाचारण केले. पुढे गोव्याच्या बाजूच्या लोकांनी आपला पक्ष लावून धरला आणि १७९४ मध्ये सरकारने चर्चमंदिरांची दोन्ही पक्षांत वाटणी करून दिली. यामुळे एकाच शहरात, पुष्कळदा शेजारशेजारच्या वस्त्यांत, दोन भिन्न बिशपांच्या अधिकारातील धर्मग्रामे निर्माण झाली. कोणाचा बाप्तिस्मा कोठे व्हावा, विवाहाची नोंद कोणाकडे राहावी, दफनभूमी कोणती, यांसारख्या साध्या बाबीही कुटुंब कोणत्या पक्षाचे यावर ठरू लागल्या. भेद उपासनाविधीचा नव्हता, भाषेचाही पूर्णांशाने नव्हता. तो मुख्यतः अधिकाराचा होता. पोप सोळावा ग्रेगरी याने १८३८ मध्ये पाद्रुआदोचा अधिकार पोर्तुगीज मुलखाबाहेर बव्हंशी संपुष्टात आणल्यावर तंटा शमण्याऐवजी चिघळला.

पोप तेरावा लिओ याने १८८६ मध्ये पोर्तुगालशी करार करून भारतातील धर्मप्रांतांची सर्वांगीण रचना केली. मुंबई महाधर्मप्रांत व पुणे धर्मप्रांत त्या वर्षी अस्तित्वात आले. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेचा पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली. याच कराराने दमण येथे पाद्रुआदोचा नवा धर्मप्रांत निर्माण करून साष्टी व वसई या भागांतील धर्मग्रामे त्याला जोडण्यात आली. नकाशाच्या दृष्टीने ही रचना विचित्र होती. दमण हे लहानसे पोर्तुगीज ठाणे. त्याचा बिशप मुंबईत राहत असे. आणि त्याची बहुसंख्य प्रजा ब्रिटिश हद्दीतील, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोली बोलणारी होती. लोकांच्या सोयीपेक्षा दोन सत्तांच्या प्रतिष्ठेचा मेळ घालणे हा या सीमेचा हेतू होता, असेच म्हणावे लागते. मुंबई व साष्टी येथील मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन १८८७ मध्ये आपली संस्था काढली. ‘पोर्तुगीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीयांहून आपण वेगळे आहोत, हे सरकारदरबारी ठसविण्याची जी निकड त्यांना भासली, ती या पार्श्वभूमीवर समजू शकते.

दुहेरी अधिकार संपण्यास आणखी चार दशके लागली. १९२८ च्या कराराने दमणचा धर्मप्रांत रद्द झाला. साष्टी व वसईची धर्मग्रामे मुंबईस आणि दमण गोव्यास जोडण्यात आले. तडजोड म्हणून मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश नागरिक असावा असे ठरले. त्यानुसार झ्वाकीं लीमा (१९२८–३६) व टॉमस रॉबर्ट्‌स (१९३७–५०) हे दोघे जेझुइट आर्चबिशप झाले. स्वातंत्र्यानंतर ही अट टिकणे शक्य नव्हते. रॉबर्ट्‌स यांनी आपले पद भारतीयाकडे जावे यासाठी प्रयत्न केले. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला व व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

स्वातंत्र्योत्तर विभाजन : फाळणीनंतर सिंध व बलुचिस्तान मुंबईपासून तोडून कराची धर्मप्रांत (१९४८) आणि गुजरातसाठी अहमदाबाद धर्मप्रांत (१९४९) स्थापन झाला. बेळगाव धर्मप्रांत (१९५३) गोवा व पुणे यांच्या प्रदेशांतून निघाला. त्यामुळे भारतीय हद्दीतील पुष्कळ धर्मग्रामे पोर्तुगीज सत्तेखालील गोव्याच्या धर्मपीठापासून मुक्त झाली. नागपूरमधून अमरावती (१९५५) व अमरावतीतून मराठवाड्यासाठी औरंगाबाद (१९७७) असे विभाजन झाले. यानंतरच्या तीन धर्मप्रांतांच्या, म्हणजे नासिक (१९८७), वसई (१९९८) व सिंधुदुर्ग (२००५) यांच्या स्थापनेत राजकीय कारण जवळजवळ उरले नव्हते. तेथील समाजाच्या स्वरूपातील भेद हेच प्रमुख कारण होते.

यामागे उपासनेच्या भाषेत झालेला बदल आहे. १९६० च्या दशकापर्यंत लॅटिन विधीच्या कॅथलिकांची मुख्य उपासना सर्वत्र लॅटिनमध्ये होई. देशी भाषेचा संबंध प्रवचन, पापनिवेदन व भक्तिगीते यांपुरता असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देशी भाषांना उपासनेत स्थान दिल्यावर (१९६३) धर्मप्रांताची भाषा कोणती, हा प्रश्न प्रत्येक रविवारी उपस्थित होऊ लागला. मराठी प्रार्थनाग्रंथ कोणी सिद्ध करावेत, धर्मगुरूंना मराठीचे शिक्षण कोठे मिळावे, बिशपची परिपत्रके कोणत्या भाषेत निघावीत, हे प्रश्न इंग्रजीभाषी शहरी केंद्रातून सोडविणे ग्रामीण भागाला जाचक वाटू लागले.

पुणे धर्मप्रांतात ही दरी विशेष रुंद होती. पुण्यातील कॅथलिक समाज लष्करी छावणीभोवती वाढलेला. त्यात गोमंतकीय, तमिळ, मलयाळी व अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. याउलट अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जर्मन जेझुइटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जे कार्य केले, त्यातून उभा राहिलेला समाज मराठीभाषी, बहुतांशी दलित व शेतमजुरीवर जगणारा होता. कोरडवाहू गावांतील या समाजाच्या गरजा म्हणजे शाळा, वसतिगृहे, विहिरी व दवाखाने. त्यांच्या बिशपचे वास्तव्य मात्र पुण्याच्या छावणी भागात असे. १९८७ मध्ये नासिक येथे केंद्र ठेवून नासिक, अहमदनगर, धुळे व जळगाव या जिल्ह्यांचा वेगळा धर्मप्रांत करण्यात आला आणि टॉमस भालेराव हे जेझुइट त्याचे पहिले बिशप झाले (१९८७–२००७). कॅथलिकांची सर्वाधिक वस्ती नगर जिल्ह्यात असूनही केंद्र नासिकला राहिले. विभाजनाने पुण्याचे अंतर कमी केले. शहरातून खेड्यांचा कारभार पाहण्याची पद्धत त्याने पूर्णतः बदलली, असे म्हणता येत नाही.

वसईची स्थिती निराळी होती. पोर्तुगीज काळापासूनची सलग ख्रिस्ती वस्ती, सामवेदी व वाडवळी या बोली, बागायती शेती, मासेमारी आणि ‘सुवार्ता’ मासिकाभोवती वाढलेली साहित्यिक परंपरा यांमुळे येथील समाज आत्मविश्वासाने मराठी होता. दमणच्या बिशपकडून १९२८ मध्ये मुंबईच्या आर्चबिशपकडे गेल्यावर पोर्तुगीज वळण मागे पडले, तरी इंग्रजीप्रधान महानगराचा एक कोपरा हे वसईचे स्थान कायम राहिले. १९९८ मध्ये वसई खाडीच्या उत्तरेकडील भागाचा धर्मप्रांत होऊन पापडी येथील चर्च हे त्याचे मुख्य मंदिर आणि टॉमस डाबरे हे पहिले बिशप झाले. खाडी ही भौगोलिक सीमा भाषिक व सामाजिक सीमेशी बरीच जुळणारी असल्याने पश्चिम भारतातील सर्वांत सयुक्तिक विभाजनांत याची गणना करता येईल. पुढे २०१४ मध्ये शासनाने ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा केला, तेव्हा मुलकी विभागणीही याच दिशेने गेली. कॅल्सीडनच्या नियमात मुलकी विभागणी अगोदर व धार्मिक नंतर, असा क्रम गृहीत आहे. येथे तो उलटला.

परंतु सीमा आखली गेली त्याच काळात खाडीपलीकडील समाज बदलत होता. उपनगरी रेल्वेमुळे वसई रोड, नालासोपारा व विरार येथे मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आली. त्यांत इंग्रजी, कोंकणी, तमिळ व मलयाळम्‌ बोलणारे कॅथलिकही होते. स्थानकाजवळच्या नव्या धर्मग्रामांत इंग्रजी उपासनेची मागणी वाढली. दुसऱ्या टोकाला डहाणू, तलासरी, जव्हार व मोखाडा येथील वारली व अन्य आदिवासी समाज वेगळ्याच प्रश्नांत होता. मराठी समाजाला स्वतःचे केंद्र मिळावे म्हणून झालेल्या धर्मप्रांतात, मुंबईत पूर्वी मराठीभाषकांचे जे स्थान होते ते येथे कोणाच्या वाट्याला येऊ नये, ही जबाबदारी अशा रीतीने आली.

सिंधुदुर्ग धर्मप्रांत सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे जिल्हे पुण्यापासून वेगळे करून स्थापन झाला. सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च हे त्याचे मुख्य मंदिर होय. पुढील वर्षी तो गोव्याच्या आर्चबिशपच्या प्रांतात समाविष्ट झाला. राज्य महाराष्ट्र, पण धार्मिक प्रांत गोवा, ही रचना सावंतवाडीच्या भाषिक व कौटुंबिक संबंधांशी सुसंगत आहे. जुन्या इतिहासाचा एक अवशेष मात्र तसाच राहिला : दमण व दीव १९८७ मध्ये गोव्यापासून प्रशासकीय दृष्ट्या वेगळे झाले, तरी गोव्याचे धर्मपीठ ‘गोवा व दमण’ या नावानेच ओळखले जाते आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील ती धर्मग्रामे त्याच्याच अधिकारात आहेत.

विधिभेद व नवा दुहेरी अधिकार : केरळमधील सिरो-मलबार व सिरो-मलंकार ही चर्चे रोमशी संलग्न असली, तरी त्यांचे उपासनाविधी व परंपरा पौर्वात्य आहेत. दीर्घकाळ त्यांना केरळबाहेर स्वतंत्र अधिकार नव्हता. १९६२ मध्ये नागपूर धर्मप्रांतातील चांदा भाग सिरो-मलबार चर्चकडे धर्मकार्यासाठी सोपविण्यात आला. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. येथे प्रदेश सरळ हस्तांतरित झाल्याने दुहेरीपणा उद्भवला नाही. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात आलेल्या केरळीय कुटुंबांचा प्रश्न अधिक कठीण होता. पोप दुसरा जॉन पॉल याने १९८७ मध्ये भारतीय बिशपांना पत्र लिहून अशा स्थलांतरितांच्या विधीचा आदर व्हावा अशी भूमिका घेतली आणि १९८८ मध्ये कल्याण येथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. मुंबई, पुणे व नासिक या लॅटिन धर्मप्रांतांच्याच भूमीवर, परंतु केवळ सिरो-मलबार विधीच्या लोकांपुरता त्याचा अधिकार आहे.

अशा प्रकारे १९२८ मध्ये मुंबईतून गेलेला दुहेरी अधिकार साठ वर्षांनी परत आला. दोहोंत तत्त्वतः अंतर आहे. जुना भेद दोन सत्तांचा, तर नवा दोन परंपरांचा; जुन्यात लोकांची वाटणी झाली, तर नव्यात त्यांची मागणी विचारात घेतली गेली. तथापि सामान्य कुटुंबाच्या अडचणी फारशा भिन्न नाहीत. दोन पिढ्या लॅटिन धर्मग्रामात वाढलेली, तेथील शाळा व दफनभूमी यांच्याशी जोडलेली आणि मलयाळम्‌ अर्धवटच जाणणारी मुले जन्मावरून कल्याणच्या अधिकारात यावीत काय, की निवड त्यांच्यावर सोडावी, याविषयी प्रापंचिकांत तीव्र मतभेद झाले. नियमानुसार व्यक्तीचे चर्च तिच्या कुळावरून ठरते व ते बदलण्यास धर्मपीठाची परवानगी लागते. उलटपक्षी, कल्याणच्या स्थापनेने पसरलेल्या उपनगरांत नवी उपासनामंदिरे उभी राहिली व दूरवरच्या लॅटिन धर्मग्रामांत अनोळखी राहिलेल्या कामगार कुटुंबांना आपली माणसे भेटली, हेही खरे आहे. सिरो-मलंकार चर्चसाठी पुण्याजवळ खडकी येथे २०१५ मध्ये विभाग स्थापन होऊन २०१९ मध्ये तो धर्मप्रांत झाला. २०१७ मध्ये शमशाबाद हा सिरो-मलबार धर्मप्रांत निर्माण होऊन त्या चर्चचा अधिकार उर्वरित भारतभर विस्तारला आणि २०२५ मध्ये कल्याणला महाधर्मप्रांताचा दर्जा देण्यात आला.

प्रॉटेस्टंट पंथ : अँग्लिकन पंथाचा भारतातील पहिला धर्मप्रांत कलकत्ता (१८१४) हा होय. त्याचा आरंभीचा विस्तार गोव्याच्या तोडीचा होता. १८२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सही त्याच्या अधिकारात देण्यात आले होते. मुंबई (१८३७), नागपूर (१९०३) व नासिक (१९२९) हे धर्मप्रांत क्रमाने वेगळे झाले. आरंभी ब्रिटिश अधिकारी व सैनिक यांच्या छावण्यांवरून आखलेल्या या सीमा एतद्देशीय ख्रिस्ती समाज वाढला तसतशा बदलत गेल्या. अन्य मिशनांनी आपापसांत क्षेत्रे वाटून घेतली होती : अहमदनगर व सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे, कोल्हापूर अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडे, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. यामुळे कोणता ख्रिस्ती मनुष्य कोणत्या पंथाचा, हे त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या जिल्ह्यावरून ठरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथांचे ऐक्य होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले, तेव्हा या मिशन-क्षेत्रांचे धर्मप्रांतांत रूपांतर करणे क्रमप्राप्त होते. बिशपपद न मानणाऱ्या पंथांच्या मंडळ्या प्रथमच बिशपच्या अधिकारात आल्या. महाराष्ट्रात मुंबई, नासिक, कोल्हापूर व नागपूर आणि पुढे पुणे व मराठवाडा असे विभाग झाले.

मालमत्ता व साधने : सीमा बदलली, की इमारती, जमिनी, शाळा व दफनभूमी यांच्या मालकीचा प्रश्न निर्माण होतो. कॅथलिक पंथात धर्मप्रांताची मालमत्ता बिशपच्या पदाशी निगडित असल्याने विभाजन तुलनेने सुरळीत होते, पण ठेवी व देणग्या बहुधा मूळ शहरी धर्मप्रांताकडे राहतात आणि नव्या ग्रामीण धर्मप्रांताला प्रारंभीची वर्षे परदेशी साहाय्यावर किंवा मातृप्रांताच्या औदार्यावर काढावी लागतात. धर्मगुरूंच्या बाबतीतही असेच घडते. विभाजनाच्या दिवशी जो जेथे सेवेत असेल तो त्या धर्मप्रांताचा, हा सर्वसाधारण संकेत असल्यामुळे नव्या प्रांताच्या वाट्याला कोण येणार, हे काही अंशी योगायोगावर अवलंबून असते.

प्रॉटेस्टंट ऐक्यात अडचण अधिक कायदेशीर होती. विलीन झालेल्या पंथांच्या मालमत्ता निरनिराळ्या नोंदणीकृत संस्थांच्या व न्यासांच्या नावे होत्या आणि मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० हा त्यांना लागू होता. गुजरातमधील ब्रेदरन पंथाच्या एका मंडळीतील गटाने ऐक्य अमान्य केल्याने सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ च्या निकालात न्यायालयाने न्यासाच्या वारसाहक्काचा असा प्रश्न दिवाणी दाव्याने सुटणारा नसून त्या अधिनियमाने ठरविलेल्या यंत्रणेपुढेच तो जावयास हवा, असे स्पष्ट केले. तसेच धार्मिक ठरावाने संस्था आपोआप विसर्जित होत नाही, त्यासाठी कायद्याने सांगितलेली रीत पाळावी लागते, असेही म्हटले. त्यामुळे उपासनेच्या दृष्टीने पूर्ण झालेले ऐक्य अनेक ठिकाणी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात दीर्घकाळ अपुरे राहिले आणि एकाच चर्चमंदिराच्या आवारात दोन विश्वस्त मंडळे हक्क सांगत असल्याची उदाहरणे आढळतात.